साडीची वीण सरकली, दुकानदार परत घेईना. तक्रार करावी का?

प्रश्न: महाद्वार रोडवरनं घेतलेली ४,८०० ची सिल्क साडी. पहिल्यांदाच नेसली आणि कमरेपाशी वीण सरकली. पक्कं बिल आहे, १२ दिवस झालेत. "विकलेला माल परत नाही" म्हणतात.

प्रतिसाद १: धुऊ नका, रफूही नको, पुरावा जातो. उजेडासमोर धरून फोटो काढा. धागे न तुटता नुसते बाजूला सरकलेत? मग वीणच विरळ. तुटले असतील तर दुकानदार दोष साडीच्या पिनेवर ढकलणार.

प्रतिसाद २: बिलावर परतीची मुदत नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत न घेणं ही २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित प्रथाच. आजच लेखी पत्र द्या, पोच घ्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार.

प्रतिसाद ३: जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीची मुदत २ वर्षं. पण हेलपाटे पडतात, म्हणून आधी पत्रच.