चांदीचं पाणी आणि अँटिबायोटिक

सासूबाईंना डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू आहे, सोबत कोलॉइडल सिल्व्हर (चांदीचे बारीक कण मिसळलेलं पाणी) दिलं तर गुण लवकर येईल का, असं तुम्ही विचारलंत. उलटच व्हायची शक्यता जास्त. टेट्रासायक्लिन गटातली औषधं (डॉक्सी त्यातलीच) आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं पोटात धातूला चिकटून बसतात आणि मग रक्तात कमी उतरतात. लोहाच्या गोळीबरोबर किंवा अँटासिडबरोबर ती घेऊ नका म्हणतात, ते यासाठीच. चांदीही हाच घोळ घालू शकते. थायरॉइडची सकाळची गोळी असेल तर तिचंही तेच.

औषध आणि चांदी यांत 'दोन तासांचं अंतर ठेवा', असं कुणीतरी म्हटलंय. पण मुळात घ्यायचंच कशाला? अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) १९९९ मध्येच जाहीर केलं की दुकानात मिळणारी ही चांदीची औषधं सुरक्षित नि गुणकारी मानता येत नाहीत. शिवाय चांदी अंगात साठत गेली की कातडी निळसर-राखाडी होते, नखांच्या मुळाशीसुद्धा, आणि तो रंग सहसा जात नाही.

भाजल्यावर लावतात ते पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम वेगळं. कुकरच्या वाफेने हात पोळला तेव्हा मीही लावलंय. ते वरून लावायचं, प्यायचं नव्हे. चांदीच्या पाण्याची बाटली आधीच सुरू केली असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, रागावले तरी.