फोंड्यातल्या मसाल्याच्या बागेने महिन्याला शंभर लिंका विकत घ्याव्यात का?

काजूबी: हंगाम जवळ आला की बागवाल्यांच्या, होमस्टेवाल्यांच्या गळ्यात हे पॅकेज मारलं जातं: पैसे द्या, इतर साइटींवरून तुमच्या साइटकडे लिंका लावून देतो, गूगलमध्ये वर याल. माझं मत: घेऊ नका. लिंक म्हणजे मत, ही पेजरँकची, म्हणजे गूगलच्या पानं क्रमाने लावायच्या पद्धतीची, १९९८ची कल्पना. गूगलने एप्रिल २०१२मध्ये ‘पेंग्विन’ हा क्रमवारीतला बदल आणून विकतच्या मतांना शिक्षा सुरू केली. सप्टेंबर २०१६पासून शिक्षेऐवजी त्या लिंकांचं वजनच काढून घेतलं जातं. साइट सहसा पडत नाही, चढतही नाही. पैसे मांडवीत.

पोफळी: पटलं नाही. ‘पाळोळे होमस्टे’ शोधलं की वर मोठ्या बुकिंग साइट बसलेल्या. नुसता मजकूर लिहून त्यांना कोण हलवणार? पैसे द्या, लिंकेला ‘स्पॉन्सर्ड’ टॅग, म्हणजे ती पैसे देऊन घेतल्याची कोडमधली खूण, लावून घ्या. नियमात बसतं.

काजूबी: बसतं, पण मग ती जाहिरात झाली. गिऱ्हाईक येईल, रँकिंग येईल असं धरू नका. आणि शंभर ठिकाणी लिंकेचे शब्द तेच, ‘बेस्ट स्पाइस फार्म गोवा’? खरी माणसं बागेचं नाव लिहितात, नाहीतर नुसता पत्ता चिकटवतात. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात ‘लिंक्स’ उघडून लिंकेच्या शब्दांची यादी बघा, लगेच कळेल.

मांडवीकाठ: तुम्ही दोघे नव्या लिंकांवर भांडताय, असलेल्या गळताहेत त्याचं काय? पावसाळ्यात साइट नवी करतात, पानांचे पत्ते बदलतात, आणि वर्तमानपत्राने, प्रवासलेखकाने दिलेली जुनी लिंक ४०४वर, म्हणजे ‘पान सापडत नाही’वर, आपटते. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानावर ३०१, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याचं वळण, लावा, निदान वर्षभर ठेवा. आळसाने सगळं मुखपृष्ठावर वळवलं तर गूगल त्याला सॉफ्ट ४०४, म्हणजे पान उघडलं तरी हवं ते तिथे नाहीच, असं समजू शकतं. लिंक असून नसल्यासारखी.

पोफळी: हे मान्य. पण नव्या बागेकडे जुन्या लिंका कुठून असणार? तिने मागायच्या कोणाकडे?

मांडवीकाठ: ज्यांच्याशी रोजचा व्यवहार आहे त्यांच्याकडे. पर्यटक आणणारे टूरवाले, शेजारचा होमस्टे, मसाले घेणारं दुकान. बातमीत नाव आलंय पण लिंक नाही, तिथे दोन ओळींचा मेल टाका. अशा पाच मिळाल्या तरी पुष्कळ.

पोफळी: आणि ज्यांनी आधीच पॅकेज घेतलंय ते? डिसअव्हाऊ फाइल, म्हणजे ‘या लिंका धरू नका’ अशी गूगलला द्यायची यादी?

काजूबी: ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन’ची, म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून केलेल्या शिक्षेची, सूचना आली असेल तरच. आधी लिंका काढायला लावा, उरलेल्या फाइलमध्ये घाला, मग गूगलकडे फेरविचाराचा अर्ज. सूचना नसेल तर हात लावू नका. घाईत चांगली डोमेनंही त्या यादीत जातात.