मदत हवी आहे: गडगडाटाला घाबरणारी लेक, जवळ घ्यायचं की थोडं ढकलायचं?

लेक सव्वासहा वर्षांची आहे. मागच्या वर्षी एका रात्री घराजवळ वीज पडली, त्याच क्षणी दिवे गेले आणि मी नेमकी दुसऱ्या खोलीत होते. अंधारात चाचपडत तिच्यापर्यंत पोचायला फार तर अर्धा मिनिट लागला असेल. तिच्यासाठी तो अर्धा मिनिट अजून चालूच आहे.

आधी फक्त आवाज झाला की रडायची. आता नुसते ढगही पुरतात. उठल्या उठल्या खिडकीशी जाऊन विचारते, "आज गडगडणार का?" मी "नाही" म्हणते, पाच मिनिटांनी परत तेच. दिवसातून १५-२० वेळा. एकदा मी "नाही" म्हटलं आणि संध्याकाळी गडगडलंच. तेव्हापासून माझ्या "नाही"वर तिचा काडीचा विश्वास नाही, तरी विचारणं काही थांबत नाही.

आजोबांनी "एवढी मोठी झालीस नि घाबरतेस?" करून पाहिलं. त्यावर तिने भीती वाटते म्हणणंच सोडलं आणि पोट दुखायला लागलं. (त्यांचा राग नाही, त्यांना असंच वाढवलंय.) मी दुसऱ्या टोकाला गेले. आभाळ भरलं की बाहेर जाणं रद्द, पडदे बंद, कानांवर हेडफोन आणि ती माझ्या मांडीवर. तेवढ्यापुरती शांत होते, पण यादी वाढतच चाललीय. परवा नुसता वारा सुटला तरी पडदे लावायला लावले. भीतीला खतपाणी मीच घालतेय का?

एक गोष्ट थोडीफार चालली. वीज चमकली की आकडे मोजायचे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३ सेकंदांना अंदाजे एक किलोमीटर. १२ मोजले तर वीज ४ किलोमीटरवर. मोजताना रडत नाही. पण पुढच्या वेळी आकडा कमी आला की संपलंच सगळं.

कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा. "मोठी झाली की जाईल" हे ऐकून झालंय.

प्रतिसाद:
मी लहान मुलांची समुपदेशक आहे. खतपाणी म्हणाल तर हो, थोडं घातलं जातंय, पण बहुतेक आईबाप हेच करतात. टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, म्हणून मूल पुढच्या वेळी आणखी लवकर टाळतं. भीती आपोआप ओसरते हे अनुभवायची संधीच त्याला मिळत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या चिमुकल्याची हकिकत प्रसिद्ध केली. तो आवडीचं खात असताना पिंजरा रोज थोडा जवळ आणत गेले, शेवटी तो सशाशी खेळायला लागला. तुम्हीही गडगडाटाचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात, स्वच्छ ऊन असताना, ती खेळात रमलेली असताना लावा. कंटाळा येईपर्यंत तीच पायरी, मगच पुढची. ढकलू नका, पण मागेही फिरू नका.

"गडगडणार का?" याला "मला माहीत नाही, पण गडगडलं तर काय करायचं ते तुला येतं" असं एकदाच सांगा. मोजणं छान आहे, मात्र ते घरात बसूनच. आणि भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली असेल, झोप किंवा शाळा बुडत असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवाच. पोटदुखी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार. वर्ष होत आलंय, म्हणजे दाखवायलाच हवं, वेळ घेते. काल रेकॉर्डिंग लावलं तर म्हणाली, आवाजाचं बटण माझ्याकडे दे. दिलं. शून्यावरून दोनवर नेलं आणि लगेच परत शून्यावर. असं सहा वेळा. हेडफोन मागितले नाहीत. आता पुढच्या ढगाळ दिवशी आधी काय काढायचं, पडदे की हेडफोन? की तिलाच विचारू?