मदत हवी आहे : नेपाळमध्ये शाळा बांधायला स्वयंसेवक म्हणून जावं का?

नमस्कार. महिनाभर एकच विषय डोक्यात घोळतोय. घरी विचारलं, मैत्रिणींना विचारलं, सगळ्यांचं एकच उत्तर: "चांगलं काम आहे, जा." माझं अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया स्पष्ट सांगावं. मन दुखावेल याची काळजी करू नका.

नेपाळच्या जाजरकोट जिल्ह्यातल्या एका गावात दोन वर्गखोल्यांची शाळा बांधायची आहे. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पावणेबाराच्या सुमारास तिथे भूकंप झाला. जाजरकोट आणि शेजारचा पश्चिम रुकुम मिळून दीडशेहून जास्त माणसं गेली, बरीचशी झोपेत, स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली. या गावातली शाळाही पडली आणि मुलं तेव्हापासून पत्र्याच्या शेडमध्ये बसताहेत. एक संस्था (नाव मुद्दाम देत नाही) तिहार (नेपाळमधली दिवाळी) झाल्यावर १४ स्वयंसेवकांना २० दिवसांसाठी तिथे नेणार आहे. माणशी ९५ हजार भारतीय रुपये भरायचे. त्यात राहणं, जेवण, नेपाळगंजपासून पुढचा प्रवास आणि "बांधकामासाठी योगदान". माझी निवड झाली आहे. पैसे भरायला अजून तीन आठवडे आहेत.

मी ३१ वर्षांची, एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. तब्येत ठणठणीत आहे, डोंगर चढायची सवय आहे. बांधकामाचा अनुभव शून्य.

जावंसं का वाटतं, तेही सांगते. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तो वार शनिवार होता. तिथे शनिवारी शाळांना सुट्टी असते. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण भर दुपारी बाराला त्या रिकाम्या होत्या. २०२३ ला मध्यरात्र होती. म्हणजे दोन्ही वेळा मुलं वर्गात नव्हती, ती निव्वळ वेळेच्या कृपेने. हे कळल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. पुढच्या वेळी मंगळवार असेल आणि सकाळचे अकरा वाजले असतील, तर? त्या भिंती नीट उभ्या राहायला हव्यात आणि त्यात आपला काही हात लागला तर लागावा, एवढीच इच्छा.

आता अडचण. आमच्या कार्यालयाच्या इमारतीत रात्रीच्या पहाऱ्याला एक नेपाळी गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना दाजू म्हणतो. ते जाजरकोटच्या शेजारच्याच जिल्ह्यातले निघाले. मी उत्साहाने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिदी, मी गावात डकर्मीच होतो." डकर्मी म्हणजे गवंडी. वडिलांकडून शिकले होते. गावात वर्षाकाठी दोन-तीन महिन्यांपुरतंच काम मिळायचं, म्हणून इकडे आले. आधी बांधकामावर विटा वाहिल्या, आता पहारा. त्यांचा धाकटा भाऊ मलेशियात आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या डोंगरातला गवंडी काम नाही म्हणून इकडे येऊन विटा वाहतो आणि ज्या मला थापीही धरता येत नाही, ती मी पैसे भरून त्याच डोंगरात विटा वाहायला चालले आहे. दाजूंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट, "जा, आमचा मुलुख बघून या" असंच म्हणाले. पण गोष्ट मनात रुतून बसली.

मग हिशेबाची सवय म्हणून आकडे मांडले. १४ जणांचे मिळून १३ लाख ३० हजार. नेपाळी रुपया आपल्याशी १.६ च्या ठरलेल्या दराने बांधलेला आहे, म्हणजे २१ लाख २८ हजार नेपाळी रुपये. यातले बांधकामावर किती आणि आम्हाला नेण्या-आणण्यावर, सांभाळण्यावर किती, हे पत्रकात कुठेच नाही. फोनवर विचारलं तर "अनुभव अनमोल असतो" असं उत्तर मिळालं. मला अनुभव नको असं नाही, पण मी तो विकत घ्यायला निघालेले नाही.

तर मला हे जाणून घ्यायचंय. माझ्यासारख्या अकुशल माणसाचा बांधकामावर खरोखर उपयोग होतो का, की मी गेल्याने तिथल्या कुणाची तरी मजुरी बुडते? संस्थेला नेमकं काय विचारलं की खरं चित्र कळेल? आणि न जाता तेच पैसे पाठवायचे तर ते शाळेच्याच कामी लागतील, हे कसं पाहायचं? शेवटच्या प्रश्नावर माझं सर्वात जास्त अडतंय, कारण पैसे पाठवून मोकळं होणंही मला पटत नाही.

प्रतिसाद १

मी स्थापत्य अभियंता. २०१५ नंतर नेपाळच्या डोंगराळ भागात शाळांच्या पुनर्बांधणीवर दीड वर्ष होतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण त्याचं उत्तर भिंतीतच आहे.

तिथली जुनी भिंत दगडाची, मातीत बांधलेली, साधारण दीड फूट जाड. बाहेरून एक पदर, आतून एक पदर आणि मधे चिपा व माती. हादरा बसला की दोन्ही पदर एकमेकांपासून सुटतात. बाहेरचा बाहेर कोसळतो, आतला आत. १९९३ साली किल्लारीला आपल्याकडे हेच झालं होतं, त्यामुळे मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको. उपाय महागडा नाही. ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालायचे, कोपऱ्यात सांधे गुंफायचे आणि जोत्याला, खिडकीखाली, लिंटलला (दारं-खिडक्यांच्या वर), छताखाली असे सलग पट्टे फिरवायचे, म्हणजे पूर्ण खोली एका पेटीसारखी हलते. काँक्रीटचे खांब असतील तर रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत. ९० अंशांवर सोडली तर मोठ्या हादऱ्यात रिंग उघडते आणि खांब फुटतो.

हे सगळं प्लास्टरखाली झाकलं जातं. नंतर कुणाला दिसत नाही. म्हणून प्रत्येक थर जाणत्या हाताखाली आणि जाणत्या नजरेखाली व्हायला हवा. नवखा माणूस काय करतो? माल कालवताना हाताला जड लागला की पाणी वाढवतो. मिश्रण मऊ होतं, काम हलकं होतं आणि काँक्रीटची ताकद कमी होते. त्याचा हेतू चांगलाच असतो. मी स्वतः दोनदा अशा गटाने भरलेला पट्टा फोडायला लावला आहे. त्या मुलामुलींचे चेहरे अजून आठवतात, पण वर्गात बसणार होती ती दुसरी मुलं.

आणखी एक धोका वेळापत्रकाचा. २० दिवसांनी पाहुणे परतणार, त्याआधी उद्‌घाटन उरकायचं. डोंगरात थंडी सुरू झालेली असते, काँक्रीट हळूहळू धरतं, सलग काही दिवस पाणी मारावं लागतं आणि सेंटरिंग (ओल्या काँक्रीटला दिलेला तात्पुरता आधार) काढायची घाई अजिबात चालत नाही. इमारतीचा वेग परतीच्या तिकिटावर ठरू लागला, तर ती शाळा मला नको.

मग अकुशल माणसाला काही करता येतं का? येतं. पाया खणणं, दगड-वाळू वाहणं, चाळणं, पाणी मारणं. पण हीच कामं गावकरी मजुरीवर किंवा श्रमदानाने करतात. तिथे 'पर्म' नावाची पद्धत आहे, आपल्या सावडीसारखी: आज तुझ्याकडे मी, उद्या माझ्याकडे तू. त्यात तुम्ही चार दिवस सामील झालात तर कुणाचं बिघडत नाही, लोकांना आनंदच होतो. मजुरीच्या जागेवर मात्र उभं राहू नका.

संस्थेला विचारा: नकाशा कुणी तयार केला, गाउँपालिकेने मंजूर केला का, रोज साइटवर अभियंता कोण असतो, गावातले किती डकर्मी कामावर आहेत आणि त्यांना मजुरी किती. या सगळ्या गोष्टींची उत्तरं ज्यांच्याकडे तयार नाहीत, त्यांच्याबरोबर जाऊ नये.

प्रतिसाद २

ताई, तुमचं वाचून सात वर्षांपूर्वीची मी आठवले. मीही अशीच गेले होते, नेपाळमध्येच, दुसऱ्या जिल्ह्यात. संस्था वेगळी असावी. आम्ही बांधलेल्या दोन खोल्या आजही उभ्या आहेत. पण दोन वर्षांनी परत गेले तेव्हा एका खोलीत चारा भरलेला होता. मुलं होती, इमारत होती, शिक्षक एकच होता. दुसऱ्याचा पगार कोण देणार हे कुणी आधी ठरवलंच नव्हतं. मुलींचं स्वच्छतागृह होतं, तिथे पाणी पोचत नव्हतं. मोठ्या मुली महिन्यातले काही दिवस शाळेत येत नसत.

२०१५ च्या संविधानानंतर तिथे शालेय शिक्षण स्थानिक पालिकांकडे आलं आहे. शिक्षकाच्या जागा, दुरुस्ती, सगळ्याची वाट तिथूनच जाते. आणि प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते, तीत पालक असतात. आमच्या संस्थेने समितीला फक्त हार घालायला बोलावलं होतं. तुम्ही संस्थेशी बोलून थांबू नका, समितीच्या अध्यक्षांशी फोनवर बोला. त्या भागातली कितीतरी माणसं भारतात राहून आलेली आहेत, हिंदी चालतं. त्यांना एकच विचारा: तुमच्या यादीत पहिलं काय आहे? आमच्या गावात कुणी विचारलं असतं, तर ते शाळेच्या आधी पाण्याची पाइपलाइन म्हणाले असते.

पैशांबद्दल. तुम्ही हिशेबाचं काम करता ना? मग तुमच्याजवळ आहे ते थापीपेक्षा मोलाचं आहे. त्या समितीच्या शिक्षकाला जमाखर्चाची वही नीट ठेवायला कुणीतरी शेजारी बसून मदत करणं, ही आमच्या वेळची सगळ्यात मोठी उणीव होती. पावत्या एका पिशवीत, आकडे दुसऱ्याच्या डोक्यात. पुढचा निधी त्यामुळेच अडला.

प्रतिसाद ३

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय नागरिकाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र बरोबर हवं, आधार कार्डावर विसंबू नका. गटात इतर देशांचे लोक असतील तर संस्थेला विचारा की ते कोणत्या व्हिसावर येताहेत, कारण प्रवासी व्हिसावर तिथे बिनपगारी कामालाही मनाई आहे. ती संस्था हे नियम पाळते का, यावरून तिचं एकूण वळण कळतं. परदेशी संस्था असेल तर समाज कल्याण परिषदेशी तिचा करार असायला हवा, त्याची प्रत मागा. विमा काढताना बांधकामावर झालेली इजा त्यात धरली आहे का, ते वाचून घ्या.

आणि कार्यक्रमात 'एक दिवस अनाथालयात मुलांसोबत' असं काही असेल तर ठाम नकार द्या. नेपाळच्या अशा बालगृहांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलं घरापासून तोडली जातात.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रश्न जसेच्या तसे संस्थेला पाठवले. उत्तर यायला नऊ दिवस लागले.

नकाशा पालिकेने मंजूर केलेला आहे, त्याची प्रत आली. हे चांगलं. पाच डकर्मी गावातले आहेत, हेही चांगलं. अभियंता 'आठवड्यातून एकदा' येतो. बांधकामाला प्रत्येकी किती जाणार याचं उत्तर अजूनही नाही. अनाथालयाची भेट यादीत होती! मी आक्षेप घेतल्यावर ती 'ऐच्छिक' केली. काढली नाही.

मग समितीच्या अध्यक्षांचा नंबर मिळवला, दाजूंनीच मध्ये पडून. मी हिंदीत बोलत होते, अडलं तिथे दाजू नेपाळीत सांगत होते. अध्यक्षांना विचारलं, यादीत पहिलं काय? ते म्हणाले, शाळा हवीच आहे, पत्र्याखाली मुलं उन्हाने भाजतात आणि थंडीत कुडकुडतात. पण पाहुणे यायचे म्हणून काम तिहारपर्यंत थांबवून ठेवलंय, ते आधी सुरू झालं असतं तर बरं झालं असतं. पावसाळा सरला की डकर्मी मोकळे असतात, नंतर कामाला बाहेर निघून जातात. हे ऐकून मी फोन हातात धरून बराच वेळ गप्प बसले. आमच्यासाठी शाळा थांबली आहे.

मी या गटाबरोबर जाणार नाही, एवढं ठरलं. संस्थेला तसं कळवलं आणि काम आमच्यासाठी थांबवू नका, अशी लेखी विनंतीही केली. गटातल्या आणखी तिघांशी बोलले, दोघं माझ्या बाजूने आहेत. काम लगेच सुरू होणार असेल तर आम्ही आमचे पैसे थेट समितीच्या बँक खात्यात द्यायला तयार आहोत. मी स्वतः नंतर, अध्यक्षांनी बोलावलं तर, वहीच्या कामासाठी जाईन. माझ्या खर्चाने, आठ दिवस.

इथे पुन्हा मदत हवी आहे. भारतातून नेपाळमधल्या शाळा समितीच्या खात्यात पैसे पाठवायचे असतील तर पालिकेची किंवा कुणाची परवानगी लागते का? समितीशी साधा लेखी करार कुणी केला असेल, तर त्यात मजुरी, अभियंत्याच्या भेटी आणि हप्ते कसे मांडले होते? नमुना असेल तर कृपया नावं काढून इथेच द्या. अध्यक्षांना मी येत्या रविवारी पुन्हा फोन करणार आहे, त्याआधी काही हाती आलं तर फार बरं होईल.