नॅनोट्यूबची भिंत किती जाड धरायची?

मांडवीकर
रत्नागिरीत एम.ई. मेकॅनिकल करतोय. इथल्या मिरकरवाडा मासेमारी बंदराला फायबरच्या होड्या लागतात, त्यांच्या रेझिनमध्ये कार्बन नॅनोट्यूब (एका अणूच्या थराची भिंत असलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) घातल्या तर ताठपणा किती वाढेल याचं मॉडेल करायचंय. आधी एकटी ट्यूब शेल म्हणून, म्हणजे पातळ भिंतीचं कवच म्हणून, घेतली आणि तिथेच अडलो. बहुतेक पेपरांत भिंत 0.34 नॅनोमीटर आणि यंग्ज मॉड्युलस (पदार्थाच्या ताठपणाचं माप) 1 टेरापास्कलच्या आसपास. याकोबसन आणि सहकाऱ्यांच्या 1996 च्या पेपरात भिंत 0.066 आणि मॉड्युलस 5.5. खरं कुठलं? कारण कळल्याशिवाय आकडा टाकायला मन घेत नाही.

देवगडकर
गुणाकार करून बघ. 5.5 गुणिले 0.066 आणि 1.06 गुणिले 0.34, दोन्हीकडे मीटरला सुमारे 360 न्यूटन. ओढताना ट्यूबला तेवढाच आकडा कळतो. 2008 मध्ये ली, वेई, कायसर आणि होन यांनी ग्राफीनचा (कार्बनच्या एका अणूच्या थराचा) पडदा एएफएम या सूक्ष्मदर्शकाच्या सुईच्या टोकाने दाबून मोजला, तेव्हाही मूळ उत्तर 340 न्यूटन प्रति मीटर होतं. टेरापास्कल हा त्याला जाडीने भागून आलेला. 0.34 म्हणजे तरी काय, ग्राफाइटच्या दोन थरांमधलं अंतर.

0.066 येतं वाकण्यातून. पत्रा वाकवला की एक बाजू ताणते, दुसरी दबते, म्हणून त्याचा विरोध जाडीच्या घनावर जातो. एका अणूच्या थराला अशा दोन बाजूच नाहीत. तिथला विरोध बंधांचे कोन आणि पाय इलेक्ट्रॉन (थराच्या वर-खाली पसरलेले इलेक्ट्रॉन) यांचा, आणि तो फार थोडा. शेलच्या सूत्रात ताण आणि वाक दोन्ही बसवायचे तर जाडी इतकी खाली आणावी लागते. मॉड्युलस 1 धरून 0.34 ठेवलीस तर भिंत वाकायला सुमारे 25 पट कडक होईल. बकलिंग (दाबाखाली भिंत अचानक वाकणं) काढणार असशील तर 0.066 ची जोडीच घे. एका जोडीतली जाडी आणि दुसरीतला मॉड्युलस मात्र कधीच नको.

मांडवीकर
दादा, हे कुणी असं सांगितलंच नव्हतं! मग रेझिनमध्ये कुठली?

देवगडकर
तिथे पोकळीसकट भरीव दांडा धर, कारण रेझिनच्या दृष्टीने तेवढी जागा गेलीच. (10,10) ट्यूबचा (हे आकडे ट्यूब कशी गुंडाळली ते सांगतात) व्यास 1.36 नॅनोमीटर, भिंतीची 0.34 धरून बाहेरून 1.70. भरीव धरल्यावर मॉड्युलस 0.64 टेरापास्कलवर येतो.

खाडीकाठ
होडीसाठी मला याहून मोठी काळजी पकडीची वाटते. नुसत्या ट्यूबला रेझिन व्हॅन डर वाल्स बलानेच (रेणूंमधल्या कमजोर आकर्षणाने) धरतं, आणि ट्यूब एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. ट्यूब रेझिनमधून ओढून काढायचं सिम्युलेशन लॅम्प्स या अणूंच्या हालचालीच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी कर. आणि एकट्या ट्यूबमधला ताण (स्ट्रेस) मोजताना लॅम्प्स पूर्ण बॉक्सचं आकारमान धरतं, पोकळीसकट. त्याजागी ट्यूबचं आकारमान घे.