मदत हवी आहे: टाचेचा मेलानोमा (कातडीचा कॅन्सर), जांघेतली सेंटिनेल गाठ मोठ्या ऑपरेशनच्या आधी तपासायची की नंतर?

नमस्कार. आम्ही घाटंजी तालुक्यातले. माझ्या मोठेबाबांच्या (वय ६१) डाव्या टाचेला बरेच दिवस काळा डाग होता. बाभळीचा काटा आत मोडला असेल, कुरूप झालं असेल, असंच घरात सगळे धरून चालले होते. पावसाळ्यात तो फुटला आणि त्यातून पाणी यायला लागलं. एका खाजगी दवाखान्यात डाग काढून तपासणीला पाठवला. रिपोर्टमध्ये लिहिलंय: अ‍ॅक्रल लेंटिजिनस मेलानोमा, ब्रेस्लो जाडी (कॅन्सर कातडीत किती खोल गेला ते माप) २.४ मिमी, व्रण आहे, एका कडेला कॅन्सरच्या पेशी शिल्लक.

तिथले सर्जन म्हणतात, टाच लगेच रुंद कापून त्यावर कातडी लावू, जांघेतल्या गाठीचं नंतर नागपूरला जाऊन पाहा. नागपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं की टाचेला आता हात लावू देऊ नका, दोन्ही एकाच भुलीत करू. पण तिथली तारीख काही आठवडे पुढची आहे. घरात दोन तट पडलेत. मोठीआई म्हणते, कॅन्सर अंगात ठेवून वाट कशाची पाहता? तिची भीती मला समजते. मलाही रात्री झोप नाही.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. हा क्रम खरंच एवढा महत्त्वाचा आहे का? आणि एवढं थांबल्याने आजार पसरेल का? कोणाच्या घरी असं झालं असेल किंवा कोणी डॉक्टर असतील तर कृपा करून सांगा.

प्रतिसाद:
दादा, मी सर्जन आहे, मेलानोमाचे रुग्ण पाहिले आहेत. क्रम महत्त्वाचा आहे. सेंटिनेल म्हणजे डागाच्या जागेवरून निघालेली लसिका (लिम्फ, अंगातलं पातळ पाणी) ज्या गाठीत सर्वांत आधी पोचते ती गाठ. ती शोधायला डागाच्या जागेभोवती टेक्नेशियमचं किरणोत्सारी औषध आणि निळा रंग टोचतात. २.४ मिमी जाडीला चारी बाजूंनी साधारण २ सेंमी कातडी काढावी लागते. एवढी टाच गेली आणि वर दुसरी कातडी बसली की मूळच्या लसिकावाहिन्या तुटलेल्या असतात. मग औषध भलत्याच गाठीकडे जाऊ शकतं, आणि खरी गाठ हुकली तर "गाठ स्वच्छ आहे" या रिपोर्टवर भरवसा कसा ठेवणार? आधी डाग काढला त्याने एवढं बिघडत नाही. टेक्नेशियमचा किरणोत्सार सहा तासांत निम्मा उरतो, म्हणून टोचणं, स्कॅन आणि ऑपरेशन जवळजवळच करावं लागतं. त्यासाठी अशी किरणोत्सारी औषधं वापरणारा न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो, तो तालुक्याला नसतो.

थांबण्याबद्दल: बायोप्सीनंतर काही आठवड्यांनी गाठ काढली म्हणून रुग्ण कमी जगतात, असं आजवरच्या अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. पण महिनोन्‌महिने ढकलायचं नाही. तारीख पक्की लिहून घ्या.

तोवर जांघ आणि गुडघ्यामागची खळगी डॉक्टरांकडून तपासून घ्या. टाचेची लसिका कधी कधी गुडघ्यामागेही जाते. हाताला गाठ लागली तर आधी सोनोग्राफी करून सुईने तिच्यातल्या पेशी काढून तपासतात, त्यात कॅन्सर निघाला तर सेंटिनेलचा प्रश्नच उरत नाही. पहिल्या दवाखान्यातून मेणाचा ब्लॉक (काढलेला डाग त्यात जपून ठेवतात) आणि स्लाइड्स मागून घ्या, नागपूरला जाडी पुन्हा मोजतील. महात्मा फुले योजनेची मंजुरी रेशन कार्ड आणि आधार घेऊन आताच मागा, ऐनवेळी त्यातच दिवस जातात.

सेंटिनेल गाठीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या तरी पूर्वीसारखी जांघेतल्या सगळ्या गाठी काढायची घाई आता करत नाहीत. २०१७ साली एमएसएलटी-२ हा मोठा अभ्यास आला. सगळ्या गाठी काढल्याने रुग्ण जास्त जगले नाहीत, पाय सुजण्याचा त्रास मात्र वाढला. आता बहुतेकदा ठराविक काळाने सोनोग्राफी करतात. पुढे इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) द्यायची का, हे ठरवायला मात्र गाठीचा रिपोर्ट लागतो.

धागाकर्ता:
डॉक्टर, फार आधार वाटला. हे सगळं मोठीआईला वाचून दाखवलं, ती आता नागपूरला हो म्हणाली. ब्लॉक उद्याच मागतो. एक राहिलं. जखम अजून ओली आहे आणि कापूस फुटलाय. मोठेबाबा वेचणीला जायचं म्हणतात. जाऊ द्यावं का?

प्रतिसाद:
नको. पट्टी रोज बदला, पाय उंच ठेवून बसवा. जखमेत पू झाला तर जांघेतल्या गाठी त्यानेही सुजतात, मग ती सूज जखमेची की कॅन्सरची हे कळायला वेळ जातो आणि मिळालेली तारीख हातची जाते.