गुलाबी अस्टिल्बी सोलापूरला जगेल का?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरामागे उत्तरेच्या बाजूला, कुंपणाच्या सावलीत अस्टिल्बी छान पसरली आहे. जूनअखेर गुलाबी तुरे आले की तो कोपरा ओळखू येत नाही. आईने व्हिडिओ कॉलवर ती पाहिली आणि आता "मला एक आणच" म्हणून हट्ट धरलाय. आई जुळे सोलापुरात राहते, घराभोवती मोकळी जागा आहे. मी डिसेंबरात निघून जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा करूनच परतणार. त्या दिवसांत झाड जमिनीखाली झोपलेलं असतं, तेव्हा मुळांचा एक तुकडा ओल्या शेवाळात गुंडाळून बॅगेत टाकला तर चालेल का?

सदस्या, मिशिगन

*

ताई, नका आणू.

मी तिकडची नोकरी संपवून सोलापुरात परतलोय, या मेल-यादीवर अजून आहे म्हणून लिहितो. पहिली अडचण विमानतळावरच. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे जिवंत रोप किंवा मुळं आणायची तर तिकडचा रोगमुक्ततेचा दाखला आणि इथला आयात परवाना लागतो. मुळांना माती चिकटलेली असेल तर विचारूच नका.

समजा, सगळी कागदपत्रं जमली. पण अस्टिल्बीला हिवाळ्यात खरी थंडी लागते, त्याशिवाय तिची झोप पुरी होत नाही. आपल्याकडे डिसेंबरात शालीचीही गरज जेमतेम! आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, रात्रीही भिंती तापलेल्या. या झाडाला पायाशी कायम ओल हवी. दोन दिवस कोरडी गेली तरी पानांच्या कडा करपतात. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे आईंना मी सांगायला नको. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिखल धरून बसते, ते वेगळंच.

भारतात हे झाड नाही असं नाही. अस्टिल्बी रिव्हुलॅरिस हिमालयात, सिक्कीमकडे ओढ्यांच्या काठी उगवते, पण तिची फुलं पांढरट. तुमच्याकडची गुलाबी बहुतेक जर्मनीच्या गेऑर्ग आरेंड्स यांनी केलेल्या संकरांच्या गोतावळ्यातली असावी. म्हणजे बी धरून आणलंत तरी त्यातून तीच छटा उगवेल याचा भरवसा नाही.

आईंना गुलाबी तुराच हवा ना? मग पावसाळ्यानंतर शहराबाहेर ज्वारी-तुरीच्या शेतात जाऊन पाहा. कुर्डू! शेतकरी तिला शिव्या घालतो, कोवळी असताना घरी भाजी होते, आणि आश्विनात गुलाबी-रुपेरी तुरे वाऱ्यावर डोलत असतात. तिचीच बागेतली बहीण पिसाऱ्याची सिलोशिया. रोपवाटिकेत गडद गुलाबी रोपं मिळतात. भरपूर ऊन द्या, काळ्या मातीत मुरूम आणि शेणखत मिसळून वाफा जरा उंच करा म्हणजे पाणी साचणार नाही. वर्षायू आहे, एकदाच फुलून संपते, पण बी इतकं सांडते की पुढच्या पावसात आपोआप उगवते. जास्तीची उपटावी लागतात, हा एवढाच त्रास.

काका, सोलापूर

*

काकांचं पटतंय. फक्त मिशिगनच्या वाफ्याबद्दल: अस्टिल्बी तीन-चार वर्षांनी मध्यभागी विरळ होते. वसंतात कोंब दिसू लागले की खणून कुदळीने तुकडे करा, प्रत्येकाला दोन-तीन कोंब राहू द्या, लावल्यावर पालापाचोळ्याचा थर द्या. वाळलेले तुरे हिवाळ्यात कापू नका, बर्फ पडल्यावर सुंदर दिसतात. आणि हरणं तिच्याकडे सहसा फिरकत नाहीत, जे होस्टा या सावलीतल्या शोभेच्या पानांच्या झाडाबद्दल म्हणता येणार नाही. जादा तुकडे निघाले तर एक मला.

सदस्या, ओहायो

*

काका, आईला तुमचा मेल वाचून दाखवला. तिचं उत्तर जसंच्या तसं: "कुर्डू? ती तर मी आत्ताच मागच्या दारातून उपटून टाकली." सिलोशियाला मात्र तयार आहे, पण रंग तिला स्वतः पाहून घ्यायचाय. होटगी रोडच्या बाजूला एखादी बरी रोपवाटिका आहे का? ओहायोच्या ताई, एप्रिलअखेर फोन करा, तुकडे काढून ठेवते.